धोंडूचं परडं: प्रकल्प नोंदी, खानापूर (जि. बेळगाव), २०२५

६ एप्रिल

हुबळीच्या आतेभावाची बदली गुवाहाटीला झाली. त्यामुळं धोंडू आता आमच्या परड्यात राहायला येणार, हे आज पक्कं झालं. धोंडू म्हणजे सुल्काटा जातीचं जमिनीवरचं कासव. तळहातावर मावत होता तेव्हापासून आतेभावानं त्याला वाढवलाय. आता वजन ११ किलोच्या आसपास.

आधी कागद. परदेशी प्राणी घरी असतील तर कळवा, असं केंद्रानं जून २०२० मध्ये सांगितलं, तेव्हाच आतेभावानं नोंद केली होती. पुढं वन्यजीव कायद्यात २०२२ ची दुरुस्ती झाली, २०२४ चे नियम आले. त्यांप्रमाणंही केंद्राच्या 'परिवेश' पोर्टलवर नोंदणी झालेली आहे. आता मालक बदलतोय, तेही तिथंच कळवायचं. ते मार्गी लागल्यावरच कासव आणायचं, असं दोघांचं ठरलं.

सहाराच्या दक्षिण कडेला, सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या कोरड्या मुलखात ही जात राहते. तिथं जमिनीत लांबलचक बीळ खणून ती दुपारची आग आणि रात्रीचा गारठा दोन्ही चुकवते. आमच्याकडं जूनमध्ये कणकुंबीच्या बाजूनं ढग यायला लागले की आठवडा आठवडा सूर्य दिसत नाही, कपडे वाळत नाहीत, भिंतींवर बुरशी धरते. गरम आणि दमट हवा सुल्काटाला चालते. गार पण कोरडी रात्रही मोठं कासव काढून जातं. गार आणि ओलं एकदम आलं की मात्र फुप्फुसं धरतात. त्यामुळं सगळी मांडामांड एका गोष्टीसाठी करायची: भर पावसात त्याच्या पोटाखालची जमीन कोरडी राहिली पाहिजे.

१३ एप्रिल

गवंडीमामा येऊन जागा बघून गेले. परड्याची पूर्वेकडची बाजू घेतली. सकाळचं ऊन तिथं पहिल्यांदा पडतं, आणि पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून येत असल्यानं घराची भिंत त्याला आडवी येते. रात्रीच्या घराचं तोंड पूर्वेला.

कुंपणाला जाळी लावायची नाही, हे मी सुरुवातीलाच सांगितलं. जाळीतून पलीकडचं दिसतं, आणि दिसतं तिकडं जायचंच म्हणून हे कासव दिवसभर नाक घासत ढकलत राहतं. भरीव भिंत असली की तिच्या कडेनं शांतपणे फिरतं. चिऱ्याची दोन फूट उंच भिंत, आणि तेवढाच नसला तरी दीड फूट पाया.

"एवढ्याशा जनावराला एवढा पाया कशाला वो?" मामांनी विचारलं.

"मामा, ते खणतंय. आणि जिथं दोन भिंती मिळतात तिथंच खणतंय."

कोपऱ्यात वर आडवे चिरेही टाकायचे ठरले, कारण कोपऱ्यात दोन्हीकडं पाय रोवून सुल्काटा चढायचा प्रयत्न करतं. चढताना उताणं पडलं आणि वर ऊन असलं, तर तासा-दोन तासांत जीव जाऊ शकतो.

२० एप्रिल

रात्रीच्या घराचा जोता आज झाला. लांबी पाच फूट, रुंदी चार, जमिनीपासून उंची दीड फूट, पुढं उतरण.

जोता जांभ्याच्या चिऱ्यांचाच आहे, पण जांभा पाणी पितो. आमच्या जुन्या घराच्या भिंतींना दर पावसाळ्यात हातभर ओल चढते, ते लहानपणापासून बघतोय. म्हणून चिऱ्यांवर आधी जाड प्लास्टिकचा कागद, त्यावर शहाबादी फरशी, फरशीवर गोठ्यात गाईखाली घालतात तो रबरी मॅट. वरून कोरडं गवत. खालून येणारी ओल कागदाशी थांबते आणि मॅटमुळं फरशीचा गारवा पोटाला लागत नाही. कासवाचा बराच भार पोटावर असतो. अंथरूण गार तर आतली सगळी इंद्रियं गार.

भिंती दोन प्लायवूडच्या, मध्ये थर्मोकोल. थर्मोकोल उघडा ठेवायचा नाही, कुरतडून खाईल. दाराला जाड प्लास्टिकच्या पट्ट्यांचा पडदा, डेअरीच्या गोडाऊनला असतो तसा.

२७ एप्रिल

परड्याची झाडझूड. कण्हेर मुळासकट काढली. आईला वाईट वाटलं, देवाला फुलं तिचीच जायची. पण कण्हेरीचं सगळं झाड विषारी, वाळलेलं पानसुद्धा. घराच्या पुढच्या अंगणात, कासव जाणार नाही तिथं, तिची फांदी लावली. कुंपणाबाहेरची घाणेरीही तोडली.

लावलं काय: हरळी आणि मारवेल. दोन्हींचे ठोंब ओळखीच्या शेताच्या बांधावरून आणले, जिथं तणनाशक मारलेलं नाही हे माहीत आहे. दोन जास्वंदी, एक तुती, आणि कडेला बिनकाट्याचा निवडुंग. सुल्काटाचं पोट बैलासारखं गवतावर चालतं. खाण्यातला ऐंशी-नव्वद टक्के भाग गवत आणि वाळला चारा असला पाहिजे. फळं, भात, चपाती, डाळ यांतलं काहीच नाही.

चाऱ्याचा विचार इथल्या हिशेबानं करावा लागला. ऊस तुटला की गावभर वाडं फुकट मिळतं, पण त्यात ऑक्झलेट असतं आणि ते कॅल्शियम बांधून ठेवतं. ज्या जिवाचं घरच हाडाचं आहे, त्याला ते रोज घालणं नको. भाताचं पिंजर पुष्कळ आहे, पण त्यात सत्त्व नाही आणि ओल धरली की दोन दिवसांत कुबट वास मारतं. म्हणून बैलहोंगलकडून ज्वारीचा वाळला कडबा मागवला. त्याची पानं तेवढी कातरून घालायची. कोवळी हिरवी ज्वारी जनावराला घालत नाहीत, तशीच यालाही नाही. काष्ठौषधीच्या दुकानातून समुद्रफेस आणला. ती माकूळ माशाच्या पाठीतली हाडकी. तो अख्खाच परड्यात टाकून ठेवायचा, हवा तेव्हा कुरतडेल.

४ मे

धोंडू आला. आतेभावानं स्वतः गाडीतून आणला, पुठ्ठ्याच्या खोक्यात गवत भरून. जाताना त्याच्या पाठीवर हात ठेवून बराच वेळ बसला होता.

वजन ११ किलो २०० ग्रॅम. पाठीची लांबी सरळ मोजून ३८ सेंटिमीटर. शेपूट जाड, पोटाचं कवच मध्ये खोलगट, म्हणजे नर. पाठीवरचे खवले थोडे उंचावलेत. पिल्लू असताना फार कोरड्या हवेत वाढलं की असं होतं, ते आता खाली बसत नाही. पण अलीकडची वाढ, खवल्यांच्या कडेची पांढुरकी रेघ, सपाट आणि स्वच्छ आहे.

पाण्यासाठी इथल्याच कुंभाराकडून एक पसरट मातीची परात भाजून घेतली. खानापूरची माती कौलांसाठी आणि मडक्यांसाठी नावाजलेली, गावात कुंभारकामाची केंद्रीय संस्थाही आहे. परात फक्त चार बोटं खोल. धोंडू तिच्यात चढून बसला, मान सरळ ताणून नाकपुड्यांपर्यंत तोंड बुडवलं आणि गळ्याखालची कातडी लयीत हलायला लागली. बऱ्याच वेळानं उठला तेव्हा पाणी निम्मं झालं होतं.

शेजारच्या काकांनी विचारलं, "विहिरीत सोडणार काय? पाणी स्वच्छ ठेवतंय म्हणतात." नाही. जमिनीवरच्या कासवाला पोहता येत नाही. त्याचे पाय खांबासारखे, बोटांना पडदे नाहीत. विहिरीत सोडलं तर बुडून मरेल. काकांना त्याचे पाय उचलून दाखवले, तेव्हा पटलं.

२१ मे

मृगाच्या आधी छप्पर पुरं करायचं होतं. पण वळीव थांबायचं नाव घेईना. काल रात्रभर पडला, आज दुपारी पुन्हा. कौलं अजून भट्टीवरच आहेत. ताडपत्री बांधली, ती वाऱ्यानं फडफडते आणि धोंडू आत जायला तयार नाही. रात्री पडवीत घेतला, खाली पोती आणि गवत घालून.

२६ मे

मोसमी पाऊस परवा, २४ तारखेला, केरळात पोचला. २००९ नंतर इतक्या लवकर कधी आला नव्हता. आमच्याकडं तर तो आलाच आहे असं धरून चालायचं. भिजत भिजत सुतारदादांनी वासे ठोकले आणि संध्याकाळपर्यंत कौलं चढली. पागोळ्या दारापासून लांब पडाव्यात म्हणून छप्पर पुढं दोन फूट काढलंय. मागच्या बाजूनं चर खणून पाणी गटाराकडं वळवलं.

कौलांखाली ताडपत्रीचा एक थर आहेच, पण तो तिरका बांधलाय, म्हणजे कौलांतून गळलेलं पाणी आत न टपकता मागं उतरून जातं.

८ जून

उबेची व्यवस्था. कोंबडीच्या पिल्लांवर लावतात तो लाल बल्ब बऱ्याच जणांनी सुचवला. एवढ्या मोठ्या कासवाला तो बरोबर नाही. बल्बाची धग पाठीच्या मधल्या उंच भागावर एकाच जागी पडते. तिथं कवच भाजतं आणि पोट गारच राहतं. कवच म्हणजे निर्जीव ढाल नव्हे. खाली हाड आहे, त्यात रक्त खेळतं. म्हणून खोलीत वापरतात तो तेलाचा रेडिएटर एका कोपऱ्यात, पुढं लोखंडी जाळीचा आडोसा. थर्मोस्टॅट कासवाच्या उंचीवर, २६ अंशांना लावलाय. वायर सगळी वरून, पाइपमधून. शॉक जिवावर बेतण्याआधी करंट तोडणारं यंत्र बोर्डाला बसवून घेतलं. पाऊस, मॅट, फरशी आणि वीज एकत्र असताना त्यावर पैसे वाचवू नयेत.

२४ जून

आर्द्रा लागल्यात. दिवसा २२ अंश, रात्री २०. धोंडू सकाळी पट्ट्यांतून डोकं बाहेर काढतो, थांबतो, मागं फिरतो.

रोजचं ठरलेलं काम असं बसलंय. सकाळी अंथरुणातली मूठभर कडब्याची पानं हातात घेऊन पिळायची. कडकड मोडली तर ठीक, वाकली तर बदलायची. पोटाखालची जागा हातानं चाचपायची. खाणं छपराखालच्या ओसरीत. पावसातलं हिरवं गवत पाणीदार असतं, नुसतं तेच घातलं तर शी पातळ होते, म्हणून त्यात निम्मा कडबा. एक दिवसाआड कोमट पाण्यात बसवणं आणि मग अंग, विशेषतः पायांच्या खोबणी, सुती कापडानं टिपून कोरड्या करणं. पोटाच्या कवचाच्या जोडांत मऊ किंवा वास येणारी जागा आहे का, ते तेव्हाच बघून होतं.

लेकीनं विचारलं की सूर्य नाही तर याचं काय होणार. हाडांसाठी लागणारे अतिनील किरण ढगांतूनही थोडे येतात, काचेतून मात्र ते जवळजवळ येत नाहीत. म्हणून खोलीत खिडकीशी ठेवण्यापेक्षा ढगाळ उजेडात, कोरड्या ओसरीत बसलेला बरा. एप्रिल-मेचं ऊनही अंगात साठलेलं आहे.

१० जुलै

तरणा पाऊस. काल संध्याकाळी गेलेला करंट आज पहाटे आला. रात्री बाटल्यांत गरम पाणी भरून, पोत्यात गुंडाळून त्याच्या दोन्ही बाजूंना ठेवल्या, तरी आतलं तापमान १९ वर उतरलं होतं, आणि हवा पिळावी एवढी ओली.

आज खाणं पुढ्यात ठेवलं तर नुसता बघत राहिला. बॅटरी मारून नाक बघितलं. डाव्या नाकपुडीत मोहरीएवढा बुडबुडा. श्वास बाहेर आला की फुगायचा, आत गेला की बसायचा. फुटला, पुन्हा आला.

थांबायचं कारण नव्हतं. माणूस खोकून छाती मोकळी करतो. कासवाला आपल्यासारखा श्वासपटल नाही, त्यामुळं आत साठलेला बेडका त्याला नीट बाहेर टाकता येत नाही. तोंड उघडून, मान लांब करून श्वास घ्यायला लागला तर फार उशीर झालेला असतो. जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं.

डॉक्टरांनी आधी सरळ सांगितलं, की गाई-म्हशी रोजच्या, कासव रोजचं नाही. मग प्राणिसंग्रहालयात काम केलेल्या एका मित्राला फोन लावला आणि वजनाप्रमाणं मात्रा काढली. इंजेक्शन पुढच्या पायाला दिलं. मागच्या पायाचं रक्त वाटेत मूत्रपिंडांकडून जातं, म्हणून औषध शक्यतो पुढच्या अंगात देतात. बाकी उपचार उबेचा: ३० अंश, दिवसरात्र, आणि कोरडं. अंग गरम असल्याशिवाय कासवाची रोगाशी लढायची ताकद जागी होत नाही, औषधही नीट चालत नाही.

एक गोष्ट मी मोठ्या अक्षरांत लिहून त्याच्या दाराच्या चौकटीवर चिकटवली: "आयव्हरमेक्टिन द्यायचं नाही." गोठ्यात गोचीड आणि जंतांसाठी हे औषध सर्रास असतं, आणि प्रेमापोटी कुणीही "याला पण एक टोचा" म्हणेल. कासवांना ते विषारी आहे. त्यानं लकवा होऊन मरतात. मी घरी नसताना कुणी आलं तरी हे डोळ्यांसमोर असावं.

१९ जुलै

बुडबुडा गेला. काल जास्वंदीचं फूल खाल्लं, आज कडबा. शीही बांधलेली. डॉक्टरांनी सगळी इंजेक्शनं पुरी करायला सांगितली आहेत, बरं वाटलं म्हणून मध्येच सोडायची नाहीत.

रेडिएटर इन्व्हर्टरवर चालत नाही, फार वीज ओढतो. त्यामुळं करंट गेला की धोंडू पडवीतल्या चुलीमागच्या खोलीत, हा नियम केला. तिथं धूर येत नाही आणि भिंत रात्रभर कोमट असते.

३ ऑगस्ट

पलीकडच्या गल्लीतली पोरं बादलीतून कासव घेऊन आली. "मामा, तुमच्या धोंडूला जोडीदार!" भातखाचरातलं होतं, मऊ गुळगुळीत पाठीचं, मागचे पाय पोटाखालच्या झडपांत लपवणारं. पोरांना ओट्यावर बसवलं आणि दोन्ही कासवं लांबून दाखवली. हे पाण्यातलं, ते रानातलं. हे मासे, गोगलगाई, किडे खातं, ते गवत. आणि आपल्या शिवारातलं कुठलंही कासव घरी ठेवणं हा गुन्हा आहे. पाठीवर चांदण्या असलेलं आपलं रानकासवही लोक शुभ म्हणून विकत घेतात. त्याची चोरटी विक्री इतकी वाढली, की २०१९ मध्ये त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापारच बंद झाला, आणि २०२२ च्या दुरुस्तीनं ते कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत गेलं, वाघाच्या रांगेत. धोंडू पिंजऱ्यात जन्मलेल्या परदेशी कासवांपैकी, म्हणून कागदांसह ठेवता येतो.

पोरांबरोबर जाऊन ते कासव उचललं त्याच खाचरात सोडलं. चिखलात शिरताना जरासुद्धा वेळ लावला नाही त्यानं. घरी येऊन हात साबणानं धुवायला लावले. कासवांच्या अंगावर साल्मोनेला हा माणसाचं पोट बिघडवणारा जंतू असू शकतो, तेव्हा धोंडूला हात लावल्यावरही हाच नियम.

२९ ऑगस्ट

घरात गणपती, पाहुण्यांची वर्दळ. देवळात गाभाऱ्यापुढं दगडी कासव असतं, इथं तर जिवंत, म्हणून बायका हळदकुंकू घेऊन परड्यात. आईनंच तोडगा काढला. धोंडूच्या पाठीला तेल, कुंकू काही नाही. उतरणीच्या बाजूला एक चिरा मांडला, वाहायचं ते त्यावर. तेलानं कवचावर धूळ आणि बुरशी धरते, हे तिला एकदा सांगितलं तेवढं पुरलं. आता तीच सगळ्यांना सांगते. पूजेतल्या दूर्वा त्याला घातल्या नाहीत, अष्टगंध लागलेलं असतं. परड्यातली हरळी आहेच.

५ ऑक्टोबर

ऊन. चार महिन्यांनी परडं वाळलंय आणि धोंडू सकाळी आठला बाहेर. पाय पसरून, मान जमिनीवर टाकून बसतो. अंग तापलं की चरायला लागतो, ते दुपारपर्यंत. वजन ११ किलो ९००. आजारात घटलेलं भरून वर वाढलंय.

भिंत सोडून मधल्या उंचवट्यावर बीळ काढायला घेतलंय त्यानं. पुढचा एक पाय खणतो, मग दुसरा, मग सगळं अंग वळवून कवचाच्या कडेनं माती मागं लोटतो. खाली मुरूम असल्यानं वेग कमी आहे. खणू द्यायचं ठरवलंय. खणणं हा त्याचा स्वभाव आहे, आणि उन्हाळ्यात तिथं गारवा मिळेल. पण पुढच्या पावसाच्या आधी ते मुरमानं भरून घ्यायचं. ओल्या मातीचं बीळ आत असताना ढासळलं तर काढता काढता पुरेवाट होईल.

७ डिसेंबर

रात्री १४ अंश. ही जात थंडीत झोपून राहणारी नाही, तिला बाराही महिने खाऊन-फिरून राहावं लागतं. रेडिएटर संध्याकाळी पाचला चालू, सकाळी नऊला बंद. खरं तर पावसाळ्यापेक्षा हे दिवस फार सोपे आहेत. रात्र गार असली तरी दहा वाजता ऊन कडक, आणि अंथरूण सगळं कोरडं.

पुढच्या वर्षासाठीची कामं आईला आणि लेकीला विचारून लिहिली. नर ४०-५० किलोंवर सहज जातो आणि सत्तर वर्षं जगू शकतो, तेव्हा माझ्यानंतर लेकीच्या हातात हे यायचंय. कागदांची फाइल कुठं आहे, ते तिला दाखवलं. दार आत्ता दीड फूट रुंद आहे. बाजूचे दोन चिरे चुन्यात न बसवता नुसते रचलेत, ते काढले की अडीच फूट होईल. छपराची ओसरी आणखी दोन फूट पुढं घ्यायची, म्हणजे आर्द्रा-पुष्यात त्याला फिरायला कोरडी जागा मिळेल. मागचा चर सिमेंटचा करायचा. कौलांना आत्ताच सांगून ठेवलंय. यंदासारखा पाऊस मेमध्ये आला तरी, भट्टीतला माल एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात घरी आलेला असेल.